पुढाऱ्यांची भाषणं आणि फ्रीजवरचा कागद



आमच्या बाबांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "भाषण संपल्यावर सतरंज्या कोण उचलतं ते बघ." सगळं आयुष्य बेळगावात, टिळकवाडीत गेलं. सीमाप्रश्नाच्या सभा किती ऐकल्या त्याला गणती नाही. त्यामुळे पुढाऱ्याच्या तोंडून 'न्याय', 'स्वातंत्र्य' असे शब्द आले की बाबा आधी चपला शोधायला लागतात. मी त्यांचीच मुलगी. २००४ च्या हिवाळ्यात नर्स म्हणून डब्लिनला आले तेव्हा माझंही मत तेच होतं. आता ते तितकं पक्कं राहिलेलं नाही.

आजोबांचं मात्र अगदी उलट. लोकमान्यांनी होमरूल लीग काढली ती आपल्या बेळगावात, २८ एप्रिल १९१६ ला, हे ते पाव्हण्यारावळ्यांना चहाच्या आधी सांगायचे. त्यांचे वडील म्हणे त्या मांडवात होते. (खरं-खोटं देव जाणे, बेळगावातल्या निम्म्या घरांतले पणजोबा त्या मांडवात होते!) पुढे १ मे ला टिळकांनी बेळगावात भाषण केलं. ते आणि नंतरची नगरची दोन भाषणं राजद्रोही ठरवून सरकारने त्यांच्याकडून वर्षभरासाठी वीस हजारांचा जातमुचलका मागितला. वकील होते बॅरिस्टर जीना. नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. 'होमरूल' हा शब्दच मुळी आयर्लंडकडून उसना घेतलेला, हे आजोबांना माहीत होतं. त्याच आठवड्यात इकडे काय चाललं होतं, हे मात्र मला शंभर वर्षांनी माझ्या लेकीच्या गृहपाठातून कळलं.

२४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. पॅट्रिक पिअर्सने डब्लिनच्या जीपीओसमोर उभं राहून प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. ऐकायला जमलेले लोक थोडेच, त्यातल्या बऱ्याच जणांना त्याचं काही वाटलंही नाही. शुक्रवारी, म्हणजे बरोबर २८ तारखेला, जळत्या जीपीओतून बंडवाले बाहेर पडले. मे महिन्यात पिअर्सला गोळ्या घातल्या. भाषण म्हणून पाहिलं तर सपशेल फसलेलं!

पण २०१६ च्या शताब्दीसाठी लष्कराचे जवान इथल्या प्राथमिक शाळांमध्ये जाऊन झेंडा आणि त्या जाहीरनाम्याची प्रत देऊन गेले. १५ मार्चला मुलांनी आपापले जाहीरनामे लिहिले. माझी लेक तेव्हा दहा वर्षांची होती. पाठ करता करता थांबली आणि म्हणाली, "आई, राष्ट्राच्या सगळ्या मुलांना सारखंच जपायचं असं लिहिलंय. मी जन्मले तेव्हा मी त्यात होते का?"

आता काय सांगायचं? जून २००४ च्या सार्वमतात ७९ टक्के लोकांनी कौल दिला की नुसतं इथे जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळणार नाही. लेक जन्मली २००६ ला. 'जन्मसिद्ध हक्क' हे शब्द ऐकत ज्या घरात मी वाढले, त्या घराच्या पणतीला तो मिळाला नाही. पुढे आम्ही रीतसर अर्ज केले, फिया भरल्या, भारतीय पासपोर्ट परत केले (तो दिवस नको आठवायला). मी तिला म्हटलं, "तेव्हा नव्हतीस, आता आहेस." तिने काही न बोलता आपल्या कागदावर एक ओळ लिहिली: इथे जन्मलेलं प्रत्येक मूल इथलंच. इतिहासकार सांगतात की मूळ वाक्यातली 'मुलं' म्हणजे लहान मुलं नव्हेतच, तिथे दोन पंथांच्या लोकांबद्दल बोललेलं आहे. असेना का. पोरीने ते आपल्यासाठीच लिहिलंय असं धरलं. तो कागद अजून आमच्या फ्रीजवर आहे.

पण माझं स्वतःचं मत हललं ते त्याच्या चार वर्षं आधी. नोव्हेंबर २०१२ मध्ये सविता हलप्पनवारची बातमी आली. बेळगावची मुलगी, दाताची डॉक्टर, वय ३१. गॉलवेच्या इस्पितळात सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे दिसत असताना, त्याचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि २८ ऑक्टोबरला ती जंतुसंसर्गाने गेली. माझी तिची ओळख नव्हती. पण मलाही तेव्हा पाचवा महिना होता. आईचा रोज फोन, "बाळंतपणाला इकडेच ये." इथे मी नर्स, आणि आईला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. पुढारी टीव्हीवर दुःख व्यक्त करत होते. मला बाबांच्या सतरंज्या आठवत होत्या.

फेब्रुवारीत मी रजेवर घरी होते. मॅग्डालेन लाँड्र्यांमध्ये १९२२ पासून सुमारे दहा हजार बायका-मुलींना बिनपगारी कपडे धुवायला लावलं, त्याचा सरकारी अहवाल ५ तारखेला आला. पंतप्रधान एंडा केनी खेद वगैरे बोलले, माफी नाही मागितली. त्या बायका, बऱ्याचशा म्हाताऱ्या, गप्प बसल्या नाहीत. हे आम्हाला पुरत नाही म्हणाल्या. दोन आठवड्यांनी, १९ तारखेला, तेच केनी सभागृहात उभे राहिले, सरकारच्या वतीने माफी मागितली आणि शेवटी त्यांचा गळा दाटून आला. वर गॅलरीत त्यातल्या काही बायका बसल्या होत्या. मी आठ महिन्यांचं पोट घेऊन सोफ्यावर रडत होते. भाषण त्यांनी केलं, पण ते करवून घेतलं होतं त्या बायकांनी!

तेव्हापासून मला भाषण म्हणजे हुंडी वाटते. लिहून देणारा कोण, कशासाठी, त्याचं मन साफ होतं का, हे सगळं दुय्यम. नंतर कुणीतरी ती घेऊन दारात उभं राहायला हवं. टिळकांची लोकांनी वटवली, पिअर्सची माझ्या पोरीने वटवायला घेतली. आणि जी कुणी कधी पुढे केलीच नाही, ती रद्दी. अशा रद्दीचे ढीग दोन्ही देशांत आहेत.

२६ मे २०१८ ला डब्लिन कॅसलच्या चौकात लिओ वराडकर बोलले. वडील मूळचे आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे तुम्हाला सांगायला नको. एके काळी स्वतःला गर्भपातविरोधी म्हणवणारे हे गृहस्थ, आता ६६ टक्क्यांच्या कौलानंतर या सगळ्याला शांत क्रांती म्हणत होते. गर्दी 'सविता, सविता' ओरडत होती. मीही मत दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन पोर्टोबेलोतल्या तिच्या भित्तिचित्रापाशी गेले. भिंतीवर चिठ्ठ्यांचा थर. मी मराठीत लिहिलं, 'बेळगावहून', आणि चिकटवलं.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आणि सतरंज्या?"

प्रश्न रास्तच होता. जुलै २०२५ मध्ये टॅला भागात एका भारतीय माणसाला मारहाण झाली, मग आणखी घटना, मग वकिलातीची सूचना. फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढे ढकलला. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स यांनी निवेदन काढून हल्ल्यांचा निषेध केला, भारतीय डॉक्टर-नर्सेसचे आभार मानले. चांगलं होतं. पण मला रात्रपाळीला सातच्या बसने जायचं होतं, आणि स्टॉपवर पोरांचं टोळकं असायचं.

समोरच्या घरातली आजी, सत्तरीच्या पुढची, एक दिवस फाटकाशी भेटली. निवेदनाची बातमी तिने वाचली होती. त्या संध्याकाळपासून ऑगस्टभर ती कुत्र्याला फिरवायचं निमित्त करून माझ्याबरोबर स्टॉपपर्यंत यायची, बस येईपर्यंत थांबायची. कुत्रा बिचारा तिच्याहून म्हातारा. परत जाताना ती त्याला उचलूनच न्यायची.