आईच्या तोंडाकडे पाहताना

‘परंपरा’ हा शब्द मी गेली वीस वर्षे वर्गात उच्चारत आले आहे. संतपरंपरा, मौखिक परंपरा, परंपरा आणि नवता. परीक्षेत त्यावर हमखास दहा गुणांचा प्रश्न असतो आणि उत्तरेही ठरलेली असतात. मध्यंतरी साहित्याशी काडीचाही संबंध नसलेले काही वाचत असताना या शब्दाला भूक असते, पोट असते, हे प्रथमच जाणवले. वाचनाचा विषय होता रानातले ओरांगउटान काय खातात आणि ते खायला कसे शिकतात.

मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे अरण्य. सुमात्रा बेटावरील आचे प्रांतात सुआक बालिम्बिंग नावाचे एक दलदलीचे अरण्य आहे. तिथे निसिया नावाचा वृक्ष वाढतो. हा दुरियनच्या कुळातला. त्याचे फळ लाकडासारखे टणक असते. पिकल्यावर त्याला उभ्या भेगा पडतात आणि आत स्निग्धांशाने भरलेल्या बिया दिसू लागतात. पण त्या बियांभोवती खाजकुयलीसारख्या बोचऱ्या केसांचे दाट आवरण असते. सुआकचा ओरांगउटान एक काटकी मोडतो, तिची साल सोलतो, ती दातांत धरून भेगेत घालतो, वरखाली फिरवून केस झाडून टाकतो आणि मग बिया बाहेर काढतो. कारेल फान श्काइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात हे पाहिले, नोंदवले.

खरी गोष्ट पुढेच आहे. एका मोठ्या नदीच्या पलीकडच्या दलदलीतही निसिया आहे, ओरांगउटानही आहेत, काटक्यांना तर तोटाच नाही. तिथे मात्र हे हत्यार कोणी वापरत नाही. ओरांगउटानला पोहता येत नाही, त्यामुळे नदी ही त्याच्यापुरती जगाची सीमा. अलीकडची युक्ती पलीकडे पोहोचलीच नाही. बोर्निओतील गुनुंग पालुंगच्या रानातही निसिया आहे. तिथेही काटकी नाही. 2003 साली फान श्काइक आणि इतरांनी ‘सायन्स’मध्ये निरनिराळ्या रानांतल्या अशा चालीरीतींची तुलना मांडली आणि त्यांना ‘संस्कृती’ हाच शब्द वापरला. आपल्या मानव्यविद्येच्या अंगणातला हा शब्द कोणी उचलून नेला म्हणून प्रथम मला किंचित रागच आला, हे कबूल करते.

अर्थात सगळेच संस्कृतीच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. बोर्निओच्या रानात काही वर्षांच्या अनियमित अंतराने असंख्य वृक्ष एकाच वेळी फळतात. मग सुगी, आणि त्यानंतर दुष्काळ. त्या दुष्काळात ओरांगउटान पाने आणि झाडांची साल खाऊन दिवस काढतात. शेरिल नॉट यांना गुनुंग पालुंगमध्ये अशा काळातल्या त्यांच्या मूत्रात कीटोन आढळले. म्हणजे देह स्वतःचीच चरबी जाळत होता. याउलट सुआकची दलदल फळांनी संपन्न. म्हणून तिथे ओरांगउटानांची वस्ती दाट, आणि एरवी एकांतप्रिय असणारे हे प्राणी तिथे एकमेकांच्या सहवासात अधिक येतात. सहवास आला की दुसऱ्याचे पाहणे आले. ‘परिस्थिती की परंपरा’ हा आपल्या चर्चासत्रांतला आवडता वाद इथे मला निरर्थक वाटू लागला. परंपरा टिकवायला एकमेकांजवळ बसावे लागते, आणि जवळ बसण्याइतके अन्न आधी झाडावर असावे लागते.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी आई आणि मूल. ओरांगउटानचे मूल आठ वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ अधूनमधून दूध पिते. ही आई शिकवत नाही, निदान आपण मास्तर लोक शिकवतो तसे तर नाहीच. ती फक्त खात असते. मूल तिच्या तोंडाशी तोंड नेऊन, चेहरा अगदी जवळ आणून, टक लावून पाहते. पदार्थ जितका अवघड किंवा दुर्मीळ, तितके ते अधिक पाहते, असे कॅरोलिन शुप्ली यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. पाहून झाले की तेच पान, तीच काटकी घेऊन स्वतः खटपट करते. मोठ्या ओरांगउटानच्या आहारात सुमारे अडीचशे पदार्थ असतात. सुआकमधील अनेक वर्षांच्या नोंदींवरून बेतलेल्या, 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय प्रतिकृतीत असे आढळले की, ज्या मुलाला पाहायला कोणी नाही, त्याचा आहार आईपासून दूर होण्याच्या वयापर्यंत पुरता होतच नाही. एका आयुष्याच्या स्वप्रयत्नांत ही अडीचशेची यादी मावत नाही.

म्हणूनच बोर्निओतील अनाथाश्रमांत आई मारली गेलेली पिल्ले येतात तेव्हा माणसे त्यांना रानात नेतात आणि काय खायचे ते दाखवतात. दाखवणाऱ्याला त्यातले किती ठाऊक असणार!

हे वाचताना मला आठवत होती शेवळं. माझे माहेर रायगडातले. मृगाच्या आगेमागे आई रानातून शेवळं आणायची. नीट केली नाहीत तर ही भाजी घशाला खाजते. म्हणून त्यात आंबट काकडं घालायची, हे मला ऐकून ठाऊक आहे. पण आतला कोणता भाग टाकायचा, काकडं किती, कधी घालायची, हे आईने कधी सांगितले नाही. ती नुसती करत असायची. मी त्याच स्वयंपाकघरात, तिच्यापासून चार हातांवर, एम.ए.च्या टिपणांत डोके घालून बसलेली असे. विषय, बहुधा, लोकसाहित्य. वर मान करून पाहिले असते तर दिसले असते.

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी बाजारातून शेवळांची एक जुडी आणली. विकणारीने न मागता वर मूठभर काकडं ठेवली. घरी येऊन मी ती भाजी आठवणीने केली, म्हणजे अंदाजाने. सगळ्यांचा घसा रात्रभर खवखवत होता.