निळा कागद

दूध घेऊन बाहेर पडताना दुकानाच्या काचेवर, लॉटरीच्या जाहिरातीशेजारी, फिकट निळा कागद दिसला. भाईंनी दारूविक्रीच्या परवान्यासाठी काऊन्सिलकडे अर्ज केला होता. सकाळी सहा ते रात्री अकरा, आठवड्याचे सातही दिवस. हरकत असल्यास 28 दिवसांत लेखी कळवा.

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या आमच्या रस्त्यावर हे एकच दुकान. मूळचे गुजरातचे भाई आणि भाभी पहाटे पाचला शटर उघडतात. मी इथे नवी होते तेव्हा कढीपत्ता कुठे मिळतो हे भाभींनीच सांगितलं होतं. दुकानापासून दोनशे पावलांवर शाळा, त्यामुळे सकाळी आणि शाळा सुटल्यावर चॉकलेटसाठी पोरांची झुंबड इथेच.

खरं सांगायचं तर शाळा मला नंतर आठवली. आधी आठवलं ते साताऱ्याकडचं आमचं गाव. तिथल्या बायकांनी दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घडवून आणलं होतं. उभी बाटली की आडवी? एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरच दुकान बंद. म्हणजे जी घरी बसली तिचं मत आपोआप उभीच्या पारड्यात. म्हणून आई दारोदार फिरली, शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना हाताला धरून केंद्रावर घेऊन गेली. बाटली आडवी झाली. गुलाल उधळला.

त्याच आवेशात मी दोन पानी हरकत लिहिली. दारूनं संसार कसे बुडतात, माणसाचं शरीर कसं पोखरतं, मोठ्या रस्त्यावर दारूची दोन दुकानं असताना आणखी एक कशाला. पाठवण्याआधी लायसन्सिंग विभागाला फोन केला. पलीकडच्या बाईंनी न कंटाळता समजावलं. 2003 च्या कायद्याप्रमाणे हरकतीला चारच आधार चालतात: गुन्हे आणि दंगा रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं आणि मुलांना अपाय होऊ न देणं. दारू वाईट, हा मुद्दा धरत नाहीत. दुकानं पुरेशी आहेत, हाही नाही. आरोग्याचा मुद्दा स्कॉटलंडच्या कायद्यात आहे, इथल्या नाही.

दोन पानांच्या सात ओळी उरल्या: शाळा, सकाळची वेळ, दुकानामागच्या बोळात रात्री जमणारं टोळकं. खाली नाव आणि पत्ता. तो अर्जदाराला कळवला जातो, हेही बाईंनी सांगितलं होतं.

मग आठवडाभर मी दूध लांबच्या सुपरमार्केटातून आणलं. एका संध्याकाळी पाऊस कोसळत होता, घरात थेंबभर दूध नव्हतं. गेले. भाईंनी बाटली स्कॅन केली, सुट्टे पैसे हातावर ठेवले आणि म्हणाले, "बेन, आपका लेटर पढा. बोलना था तो इधर ही बोल देते."

मला काही सुचेना. मग तेच बोलत राहिले. पेपर आता कुणी घेत नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक बिअर विचारतं. नाही म्हटलं की पाव, अंडी, सगळंच मोठ्या दुकानातून नेतं. "मैं खुद नहीं पीता, बेन," म्हणत त्यांनी गल्ल्यावरच्या स्वामीनारायणाच्या तसबिरीकडे बोट केलं.

सुनावणीला तीन नगरसेवक, एक लांब टेबल आणि पाण्याचे जग. पोलिसांच्या अटी भाईंनी आधीच मान्य केल्या होत्या. कॅमेऱ्याचं चित्रण 31 दिवस ठेवायचं. साडेसहा टक्क्यांवरची बिअर-सायडर विकायची नाही. गिऱ्हाईक पंचविशीच्या आतलं दिसलं की ओळखपत्र मागायचं, आणि नाकारलेली प्रत्येक विक्री वहीत लिहायची.

मला पाच मिनिटं मिळाली. मी बोळापासून सुरुवात केली. एका नगरसेविकेनं विचारलं, "दुकानात आज दारू नाही, तरी ती मुलं तिथे जमतातच ना?"

जमतात, म्हणावं लागलं.

मग तिनं विचारलं, सकाळी शाळेची मुलं दुकानात किती वाजता येतात? आठ ते पावणेनऊ, मी लगेच सांगितलं. त्यांत माझाही मुलगा असतो. तिनं ते लिहून घेतलं.

चार दिवसांनी निकाल आला. परवाना मंजूर, पण विक्री सकाळी नऊ ते रात्री दहाच. 21 दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येत होतं. ना भाई गेले, ना मी.

रात्री आईला फोन केला.

"मग? उभी की आडवी?"

"उभी. पण नऊनंतर."

आई जरा वेळ गप्प राहिली. "आपल्याकडं आडवी झाली, पण वरीसभरात वढ्यापल्याड चोरून मिळाया लागली," ती म्हणाली. "तू कधी इचारलंच न्हाईस."

आता सकाळी दूध आणायला जाते तेव्हा बाटल्यांच्या रॅकवर पडदा ओढलेला असतो. परवा भाईंनी न मागता नकारांची वही माझ्यापुढे सरकवली. भाभींच्या अक्षरातली शेवटची नोंद होती: दुपारी 4.10, मुलगा, वय 19 सांगितलं, ओळखपत्र नाही, शाळेचा टाय खिशात, टोक बाहेर.