शेवटचा अर्धविराम

चष्म्याचा नंबर वाढला आणि मॅडम अ‍ॅरे कसा छापावा यावरून ज्युनियर मुलांशी वाद घालू लागल्या. पूर्वी आकड्यांची लांबलचक सलग ओळ त्या सहज चाळत. आता टर्मिनलच्या कडेला १०२४ मधले १० वर राहिले आणि २४ खाली गेले, की नजर तिथेच अडते.

भाषा ओकॅमल. तिच्या इंटरप्रिटरमध्ये अ‍ॅरे [|१; २; ३|] असा नीटनेटका समोर येतो, तोच कोड कंपाइल केला की आपोआप काहीच छापून येत नाही. कंपाइल होताना टाइप पुसले जातात. मेमरीत ६५ हा आकडा आणि कॅपिटल ‘ए’ हे अक्षर सारखंच. शून्य, फॉल्स आणि रिकामी लिस्ट यांतही फरक नाही. आत काय आहे ते छापणाऱ्यानंच सांगायचं.

ते सांगता येतं. घोडं अडतं अर्धविरामापाशी.

अ‍ॅरे.इटर लावून प्रत्येक आकड्यामागे अर्धविराम टाकला, की शेवटच्या आकड्यामागेही एक उरतो. मॅडमना तो शर्टाखालून डोकावणाऱ्या बनियनसारखा दिसतो. स्ट्रिंग.कॉनकॅटनं तो जातो, रिकामा अ‍ॅरेही बरोबर छापला जातो. पण ओळ कुठे मोडावी हे त्याला कळत नाही. ते काम फॉरमॅट मॉड्यूलचं. अर्धविरामापुढे मोडायची जागा दाखवायची, भोवती बॉक्स घालायचा, दोन घरं आत सरकवायचं. मग प्रत्येक नवी ओळ पहिल्या आकड्याच्या बरोबर खाली सुरू होते. अशी रीत डेरेक ऑपेन यांनी १९८० मध्येच मांडली होती. मध्येच कुणी प्रिंटएफ वापरलं तर मात्र दोघांचे बफर वेगळे, आणि ओळी मागेपुढे होतात.

हास्केलचं कौतुक मॅडमना सोसत नाही. तिथे शो केलं की अ‍ॅरे (०,२) [(०,१०),(१,२०),(२,३०)] असं सगळं बाड येतं. एवढं मागितलं कुणी? स्कालात तर प्रिंटलाइन केल्यावर आकडे राहतात बाजूला. जावाकडून आलेलं टाइपचं आद्याक्षर आणि हॅश कोड तेवढा हाती लागतो.

ओकॅमल ५.१ पासून फॉरमॅटमध्ये पीपी_प्रिंट_अ‍ॅरे तयार मिळतं. तेच वापरा, असं मॅडम मुलांना बजावतात. स्वतःच्या कोडमध्ये मात्र त्यांचं जुनं फंक्शन आहे. त्यात आकडे उजवीकडे जुळतात, हे त्यांचं कारण. नव्यातही ते जमतं, हे त्यांना ठाऊक आहे. ‘हे कुणी लिहिलंय?’ असं कुणी विचारलेलं त्यांना आवडतं, एवढंच. मध्यंतरी एका मुलीनं ते काढून नवं घातलं. विभाजक द्यायला ती विसरली, आणि आकडे १०२०३० असे चिकटून आले. मॅडमनी ते सगळ्यांना दाखवलं. मुलीनं लगेच दुरुस्ती केली. मंजुरी अजून मिळायची आहे.