नांवाची किंमत

किंमत आणि मोल हे दोन शब्द आपण बोलण्याच्या ओघांत एकाच अर्थानें वापरतों. पण बाजारांत चार वेळां फसलेल्या माणसास त्यांतील भेद समजावून सांगावा लागत नाहीं. परवां आमच्या ओटीवर या भेदावर मोठें रण माजलें. निमित्त क्रिकेटचें होतें. आमच्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, तिशी ओलांडलेला नामवंत खेळाडू दुसऱ्या संघाकडून अदलाबदलीनें घेणें म्हणजे शिळी भाजी ताज्या भावानें आणणें होय. मी मान डोलावण्याच्या बेतांत होतों; पण त्यांनीं उदाहरण काढलें तें नेमकें आमच्या नगर जिल्ह्याचें, आणि माझा अभिमान आडवा आला.

अजिंक्य रहाणे यांचा जन्म १९८८ सालीं संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्दचा. २०१९ च्या एप्रिलांत जयपूर येथें राजस्थानकडून खेळतांना त्यांनीं दिल्लीच्या संघाविरुद्ध नाबाद १०५ धांवा केल्या. सामना दिल्लीनेंच जिंकला. तरी ती खेळी दिल्लीकरांच्या मनांत भरली असावी. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांनीं राहुल तेवतिया व मयंक मार्कंडे हे दोन तरुण राजस्थानास दिले आणि एकतीस वर्षांचे रहाणे घेतले. पुढच्या हंगामांत रहाणे यांच्या नऊ सामन्यांत अवघ्या ११३ धांवा झाल्या. इकडे २७ सप्टेंबर २०२० रोजीं शारजा येथें तेवतिया यांनीं एकाच षटकांत पांच षटकार ठोकून २२४ धांवांचें लक्ष्य राजस्थानच्या आटोक्यांत आणलें! "आतां बोला, बाबा," असें म्हणून चिरंजीव विजयी मुद्रेनें बसले.

मी बोललों नाहीं. मला आठवला तो आमचा सर्जा.

मी लहान असतांना वडिलांनीं काष्टीच्या बाजारांत दोन चलाख गोऱ्हे देऊन हा एक बैल घेतला होता. शर्यतींत त्यानें पंचक्रोशींत नांव काढलेलें. त्याचे दांत झिजले आहेत, हें वडिलांना दिसलें नाहीं असें नव्हे. पण दावें हातीं आलें तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें जुन्या शर्यतींचा धुरळा उडत होता. हेड्यानें रुमालाखालीं बोटें दाबलीं आणि सौदा ठरला. त्या बोटांत कडब्याचा हिशेब मात्र कोणीच धरला नव्हता.

मग १९७२ चा दुष्काळ आला. कडब्याची पेंढी दृष्टीस पडेना. हेडी पुन्हां दारीं येऊन बैलाची किंमत कातड्याच्या भावानें सांगूं लागला. वडिलांनीं सर्जा दिला नाहीं; त्याच्या वैरणीपायीं आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या त्या परत आल्या नाहींत. दिलेल्या गोऱ्ह्यांपैकीं एक पुढें शेजारच्या गांवीं उत्तम औताचा बैल झाला. तो वाटेंत दिसला कीं वडील दुसरीकडे पाहत.

तेव्हां अशा सौद्याची किंमत एका रकमेंत कधींच मावत नाहीं. जें दिलें त्याचें उद्यां काय होईल, ही पहिली रक्कम. जें घेतलें त्याला पोसावयास काय लागेल, ही दुसरी. संघांच्या थैलीलाहि मर्यादा असते, आणि नामवंताचें मानधन त्याच थैलींतून जातें. तिसरी रक्कम अहंकाराची. मोठें नांव घरीं आणल्यावर त्याला दावणीस नुसतें उभें ठेवणें मालकास जड जातें.

परंतु वहीची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. त्याच दिल्लीनें वर्षभर आधीं शिखर धवन यांच्यासाठीं तीन खेळाडू दिले होते. धवन यांनीं २०२० च्या हंगामांत ६१८ धांवा काढल्या आणि दिल्ली प्रथमच अंतिम सामन्यास पोंचली. दिलेल्या तिघांतील अभिषेक शर्मा पुढें भारताचे सलामीवीर झाले, हेंहि खरें! रहाणे यांच्या त्या ११३ धांवांपैकीं ६० एकाच संध्याकाळीं आल्या, आणि त्या विजयानें दिल्लीस गुणतक्त्यांत दुसरें स्थान मिळालें. महिना-दीड महिन्यांत ॲडलेड येथें भारताचा डाव ३६ धांवांत आटोपला. त्यानंतर याच गृहस्थांनीं नेतृत्व स्वीकारून मेलबर्न येथें ११२ धांवा केल्या व मालिका २–१ अशी जिंकून दिली. पुढें २०२३ च्या हंगामासाठीं चेन्नईनें त्यांना अवघ्या ५० लाखांत घेतलें, मोकळेपणानें खेळूं दिलें, आणि त्यांनीं शंभर चेंडूंस १७२ या वेगानें ३२६ धांवा काढल्या. चेन्नईनें त्या वर्षीं विजेतेपद मिळविलें. वय तर चौतिसावर गेलें होतें; बदललें होतें तें मागितलेलें काम आणि मोजलेलें दाम.

सर्जाचेंहि तसेंच झालें. दुष्काळ सरल्यावर पेरणीस नवा, अडाणी बैल त्याच्या जोडीला जुंपला. म्हाताऱ्यास धांवतां येत नव्हतें. पण पाभर ओढतांना त्याचा तास सुतासारखा सरळ जाई, आणि त्याच्या खांद्याशीं खांदा लावून नवा बैल एका हंगामांत शिकला. ज्यासाठीं त्याला आणला तें त्याच्यानें झालें नाहीं. जें कोणी मागितलें नव्हतें तें त्यानें केलें.

"मग आजोबांचा सौदा बरोबर होता म्हणावयाचा?" चिरंजीवांनीं विचारलें.

"नाहीं," मी म्हणालों, "सौदा चुकलाच होता. बैल चुकला नव्हता."

त्यांना हें पटलें कीं नाहीं, कोण जाणे. आजीच्या पाटल्यांची हकीकत मात्र त्यांनीं त्या दिवशीं प्रथमच ऐकिली.