कोणत्या पाण्याची ब्राह्मी?

सांगलीच्या पेठेत काष्ठौषधींचे दुकान चालविणाऱ्या अण्णांसमोर त्या सकाळी ओल्या ब्राह्मीचे पोते उतरले. माल ताजा आणि दर बाजारापेक्षा कमी. चिरंजिवांनी वजनकाटा पुढे ओढला. अण्णांनी मात्र पोत्यातून एक वेल काढून तळहातावर ठेवली.

ब्राह्मी या एकाच नावाने आपल्याकडे दोन वनस्पती विकल्या जातात. लांब देठाच्या, वाटोळ्या पानांची ती मंडूकपर्णी, म्हणजेच कारिवणा. चरकसंहितेने तिला मेध्य रसायनांत स्थान दिले आहे. दुसरी जलब्राह्मी. ओढ्याकाठी, तळ्याच्या उथळ पाण्यात, दलदलीत ती पसरते. पाने लहान, जाड व बिनदेठाची, फुले पांढरी किंवा फिकट जांभळी, चव कडू. तिच्यातील ‘बॅकोसाइड’ या द्रव्यांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत संशोधन झाले आहे. स्मरणशक्तीसाठी तिचे चूर्ण आणि घृत दिले जाते. दोन्ही वनस्पती उपयुक्त; परंतु एकीच्या जागी दुसरी देणे हा सचोटीचा व्यवहार नव्हे.

“जलब्राह्मीच आहे, अण्णा. माल अस्सल आहे,” चिरंजीव म्हणाले.

“अस्सल आहे. पण कोणत्या पाण्याची?”

माल आणणारा घुटमळला. मग म्हणाला, “शहराचा नाला नदीला मिळतो ना, तिथली. तिथं लई दाट येते.”

अण्णांनी वेल पोत्यात परत ठेवली. ही वनस्पती पाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू आपल्या अंगात साठविते. म्हणूनच सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठीही तिचा अभ्यास झाला आहे. पण नाल्यातील विष शोषून घेणारी हीच वेल चूर्ण होऊन परीक्षेच्या दिवसांत एखाद्या मुलाच्या दुधात पडली तर? वाळलेल्या पानाच्या रंगावरून किंवा चवीवरून ते कोणालाही ओळखता येणार नाही.

“आपण नाही घेतली, तर शेजारचा घेईल,” चिरंजीव हळूच म्हणाले.

“घेऊ दे. आपल्या बरणीवर आपले नाव आहे.”

अण्णांनी त्या माणसाला गाडीभाडे दिले आणि सांगितले, “माळावरच्या पावसाच्या तळ्यातली आण. पूर्ण दर देईन. मुळे उपटू नकोस, शेंडे खुड. पेरांतून वेल पुन्हा फुटते.”

तीन आठवडे ब्राह्मीची बरणी रिकामी राहिली. गिऱ्हाईक विचारी आणि चिरंजीव सांगत, “माल आला नाही.” एके दिवशी मात्र ते आपणहून म्हणाले, “माल आला होता. पाणी चांगले नव्हते, म्हणून घेतला नाही.”

गल्ल्यावर बसलेल्या अण्णांनी मान वर केली नाही. फक्त खतावणीचे पान उलटले.