नाक पळतंय

न्यू जर्सीहून नातवाचा व्हिडिओ कॉल आला. डोळे तांबारलेले, आवाज बसलेला. "काय रे झालं?" म्हटलं, तर म्हणाला, "आजी, माझं नाक पळतंय." मागून त्याची आई हसत ओरडली, "वाहतंय म्हण रे!" मला मात्र ते पळणारं नाक फार आवडलं.

पोराचं तसं काही चुकलं नव्हतं. 'रन' म्हणजे पळणे, हे चित्रांच्या पुस्तकातून मीच त्याला शिकवलं होतं. माझी स्वतःची या शब्दाशी ओळख वाड्यातली. इंग्रजीचा पत्ता नव्हता तेव्हापासून आम्ही 'रन आउट'वरून भांडत होतो. रेडिओवरचे समालोचक 'धावबाद' म्हणत, पण भांडायला 'रन आउट'च बरा. पुढे नोकरीत एकदा परगावाहून आलेले साहेब म्हणाले, "वी हॅव रन आउट ऑफ फॉर्म्स," आणि माझ्या डोळ्यांसमोर उधळलेल्या यष्ट्या आल्या. साहेबांना म्हणायचं होतं, फॉर्म संपले.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एकेकाळी 'सेट' या क्रियापदाचा थाट होता; 1989च्या आवृत्तीत त्याची नोंद सुमारे 60,000 शब्दांची. नव्या संपादनात मात्र 'रन' पुढे पळाला: क्रियापदाचे 645 अर्थ. ते लावायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला नऊ महिने लागले. म्हणजे बाळंतपणाचाच हिशेब.

त्यात मागून येणारी ती चिमुकली शेपटं. 'रन इंटू' झालं तर मित्र अवचित भेटतो, 'रन ओव्हर' झालं तर तोच मित्र चाकाखाली जातो. 'रन डाउन' माणूस थकलेला, 'रन डाउन' घर पडायला आलेलं, आणि कुणाला 'रन डाउन' करायचं म्हणजे नावं ठेवायची. हे पाठ करून येत नाही. मी करून पाहिलंय.

इंग्रजांकडे यंत्रंसुद्धा पळतात. आपल्याकडे ती चालतात. घड्याळ चालतं, गिरणी चालते, दुकान चालतं, कोर्टात खटला चालतो (तो तर रांगतो म्हणायला हवं), संसार चालतो. काहीच धड नसलं तरी 'चालेल' म्हणायची सोय आहेच. धावण्याचा मान मिळाला तो आगगाडीला. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 'धावली', आणि लोकल आजही 'उशिराने धावत' असतात. उशिरानं का होईना, धावतात. निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार पळतो, ब्रिटनमधला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो, म्हणून तर त्याला पडता येतं.

पाणी त्यांच्या नळातून पळतं, नदीतून पळतं, नाकातूनही. आपल्याकडे पाणी एकाच ठिकाणचं पळतं: तोंडचं. आणि रात्री दीडला फोन वाजला की झोप.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला. "काय रे, पळतंय का अजून नाक?"

त्यानं एकदा जोरात ओढून खात्री करून घेतली.

"नाही आजी, आता नुसतं चालतंय."