किड्याचं वय

गुरुवार, 30 जानेवारी 2025, वरसे

जागतिक आरोग्य संघटनेनं आज नायजर देश नदीअंधत्वातून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. आफ्रिकेतला हा पहिला देश. याआधी कोलंबिया, इक्वाडोर, मेक्सिको आणि ग्वाटेमाला. बातमी दोनदा वाचली. माझी नोकरी विदर्भात रात्रीचे रक्तनमुने तपासण्यात गेली. नदीअंधत्वाचा किडा मी कधी पाहिला नाही, पण तो आमच्या हत्तीरोगाच्या किड्याच्याच कुळातला. त्यामुळे आजचा आनंद मला घरचाच वाटतो.

शुक्रवार, 31 जानेवारी

शेजारच्या वहिनी सकाळीच आल्या. मुलगा कोलाडला राफ्टिंगवर कामाला आहे. "ताई, नदीच्या पाण्यानं डोळे जातात म्हणे? आमचा पोरगा दिवसभर कुंडलिकेत असतो."

पाण्यानं नाही, माशीनं, असं सांगितलं. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं, म्हणून आपली नदी उन्हाळ्यातही पळते. डासाला साचलेलं पाणी लागतं. त्या बारीक, पाठीला कुबड असलेल्या काळ्या माशीच्या अळ्यांना मात्र असंच खळाळतं पाणी हवं असतं, दगडाला चिकटून राहायला. तसल्या माश्या भारतातही आहेत. पण नदीअंधत्वाचा किडा आपल्याकडे नाही, त्यामुळे पोराच्या डोळ्यांना त्या रोगाची भीती नाही. वहिनी निश्चिंत होऊन गेल्या.

आफ्रिकेतल्या आयांना असं सांगणारं कोणी नव्हतं. तिथे मादी किडा कातडीखालच्या गाठीत बसतो आणि वर्षानुवर्षं लाखो पिलं सोडतो. ती कातडीतून फिरतात, असह्य खाज सुटते. काही डोळ्यांत पोचतात, तिथे मरतात, आणि त्या जखमांनी बुबुळ हळूहळू पांढरं पडतं. नदीकाठची सगळ्यात कसदार जमीन सोडून गावंच्या गावं माळावर गेली.

रविवार, 2 फेब्रुवारी

दोन दिवस एकच विचार डोक्यात आहे. रोगाची मोहीम किती वर्षं चालवायची, हे सरकार ठरवत नाही, पैसा देणारे ठरवत नाहीत. किड्याचं आयुष्य ठरवतं.

नारू आठवा. आमच्या आजीच्या पिढीला तो चांगला ठाऊक होता. पायातून हातभर लांब दोरा बाहेर येई, तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सडायचा. पण नारूची अळी असलेले पाण्यातले सूक्ष्म सायक्लॉप्स पोटात गेल्यापासून किडा बाहेर पडेपर्यंत साधारण एकच वर्ष लागतं. म्हणजे गावानं एक वर्षभर पाणी फडक्यानं गाळलं, नारू झालेल्याला पायऱ्यांच्या विहिरीत उतरू दिलं नाही, पाण्यात ॲबेट हे कीटकनाशक टाकलं, तर साखळी तुटते. औषध नाही, लस नाही. 1984 मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत सुमारे 40 हजार रुग्ण होते. शेवटचा 1996 च्या जुलैमध्ये राजस्थानात. 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

नदीअंधत्वाचा किडा माणसाच्या अंगात दहा ते पंधरा वर्षं जगतो. म्हणून 1974 मध्ये पश्चिम आफ्रिकेत हेलिकॉप्टरनं नद्यांवर अळीनाशक फवारायला सुरुवात झाली, तेव्हाच हिशेब मांडलेला होता: अंगातला शेवटचा किडा म्हातारा होऊन मरेपर्यंत माशी वाढू द्यायची नाही. त्या फवारणीतही पहिलं औषध टेमेफॉसच, म्हणजे आपलं ॲबेट! आपल्या बारवेत पडलेलं रसायन व्होल्टा नदीतही पडत होतं, हे मला फार भावतं. ती मोहीम 2002 पर्यंत चालली, अकरा देशांत. मधेच 1987 मध्ये आयव्हरमेक्टिन आलं. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांनी ते मिळवलं, 2015 चं नोबेल त्यासाठीच. मर्क कंपनीनं ते या रोगासाठी फुकट दिलं. पण तेही पिलं मारतं, मोठा किडा नाही. म्हणून वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

हत्तीरोगाचा किडा यांच्या मधला, साधारण सहा ते आठ वर्षं जगणारा.

गुरुवार, 6 फेब्रुवारी

भाचीचा फोन. ती गडचिरोली जिल्ह्यात आशा आहे. "मावशी, लोक विचारतात, पाय चांगला आहे तर हत्तीरोगाची गोळी कशाला?"

तिला म्हटलं, हेच समजावायचं. पाय सुजायच्या कितीतरी आधी किडा अंगात असतो आणि त्याची पिलं रात्री रक्तात येतात. आम्ही रात्री आठनंतर दारोदार बोटं टोचत हिंडायचो ते त्यासाठीच. लोक झोपेतून उठून शिव्या द्यायचे, तरी बोट पुढे करायचे. गोळी घेतल्यावर ताप, डोकेदुखी झाली तर बहुधा अंगातली पिलं मरत असतात. हे आधी सांगून ठेवलं की लोक घाबरत नाहीत.

आणखी एक सांगितलं. आपली जुनी डीईसीची गोळी नदीअंधत्व असलेल्या माणसाला देता येत नाही. पिलं एकदम मरून डोळ्यांना इजा होते. आफ्रिकेत म्हणूनच आयव्हरमेक्टिन आणि अल्बेंडाझोल. आपल्याकडे तो रोग नाही, त्यामुळे तिन्ही औषधं एकत्र देता येतात. नागपूर जिल्ह्यात हा प्रयोग सुरुवातीच्या टप्प्यात झाला. आयव्हरमेक्टिन उंची मोजून देतात.

तिच्या सासूबाईंचा पाय जुनाच सुजलेला. गोळीनं तो उतरणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. रोज साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, भेगांना मलम, बसताना पाय उंच. ताप येऊन पाय लाल होणं यानंच थांबतं.

सोमवार, 10 फेब्रुवारी

हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायची मोहीम सुरू झाली, देशभरात 13 राज्यांतल्या 111 जिल्ह्यांत.

गुरुवार, 13 फेब्रुवारी

भाची थकलेली. बरेच जण गोळ्या हातात घेतात आणि म्हणतात, जेवल्यावर घेऊ. ती उंबऱ्यावर बसून राहते, जेवण होऊ देते, समोर गिळायला लावते. कागदावर वाटलेल्या गोळ्यांची नोंद चांगली दिसते. पण किड्याला मारते ती पोटात गेलेली गोळी. शेतावर गेलेल्यांची घरं राहिली आहेत. त्यांच्याकडे ती उद्या पहाटे, माणसं निघायच्या आत जाणार आहे.